त्र्याऐंशी हजारांच्या पुढे

गिअरच्या लिव्हरवरचं रबर वरून अजून खडबडीत होतं, पण खालून बोट फिरवलं तर एकही रेघ हाताला लागत नव्हती. वरचा गिअर टाकताना बुटाचं टोक ज्या जागी लागतं, नेमकी तेवढीच जागा झिजून गुळगुळीत झालेली. टाकीच्या दोन्ही अंगांना, गुडघे टेकतात तिथे, रंगाची चकाकी उतरलेली. उजवी मूठ डावीपेक्षा जरा बारीक. कराडमधल्या एका घराच्या पोर्चमध्ये मी उकिडवी बसून हे सगळं न्याहाळत होते. मीटरवर आकडा होता ८३ हजार आणि वर काही. ही गाडी चालवणारा माणूस बुटाचं टोक कसं उचलतो, वळणावर गुडघे किती आवळतो, हे त्याला गाडीवर बसलेलं एकदाही न पाहता मला कळत होतं.

गाडी ४११ सीसीची हिमालयन मोटरसायकल, २०१९ची. मालक साठी ओलांडलेले, बँकेतून निवृत्त झालेले. “गाडीला काही झालेलं नाही,” ते म्हणाले, “गुडघ्यांना झालंय. उभी गाडी आता सावरत नाही.” दोनशे किलोंच्या आसपासचं वजन चढावर, खडीवर, एका पायावर तोलून धरायचं म्हणजे गुडघा शाबूत हवा. हे काका पायरीवर बसून होते. मी गाडीच्या ज्या भागाला हात लावीन, त्या भागाकडे त्यांची नजर जायची. किमतीचं बोलणं त्यांनी एका वाक्यात उरकलं आणि चहा ठेवायला सांगितला.

आदल्याच आठवड्यात मी साताऱ्यात शोरूममध्ये जाऊन नवी हिमालयन बघून आले होते. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये आली ती, ४५२ सीसीची. सीटवरचं प्लॅस्टिक निघालं नव्हतं, टायरवर रबराच्या बारीक केसाळ तारा तशाच होत्या आणि मीटरवर एक आकडी किलोमीटर. हँडलमागे गोल पडदा, त्यावर फोनमधला नकाशा उमटतो. शोरूममधल्या मुलीने, “मॅडम, बसून बघा ना,” म्हणून गाडी स्टँडवरून उतरवून दिली. मी बसले. सगळं घट्ट, सगळं जागच्या जागी. ब्रेकचा लिव्हर दोन बोटांनी दाबला तर नेमका हवा तिथे अडला. त्या दिवशी परत येताना मी मनातल्या मनात गाडीचा रंगही ठरवून टाकला होता, आणि तरीही कराडचा पत्ता खिशातून काढून टाकला नव्हता.

पैशांचा हिशेब लवकर संपतो. २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीच्या वरच्या मोटरसायकलींवर ४० टक्के जीएसटी लागतो, तिथपर्यंतच्या गाड्यांवर १८. विमा, रोड टॅक्स, सगळं धरून नवी गाडी दारात यायला साडेतीन लाखांच्या वर जातात. काकांनी सांगितलेला आकडा लाखाच्या थोडा पुढे. त्यांच्या गाडीचा टॅक्स भरलेला आहे, नोंदणी २०३४पर्यंतची आहे. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून गाडी नावावर करायची, एवढंच. उरलेल्या पैशांत कितीतरी पेट्रोल येईल, कितीतरी मुक्काम होतील. इथवर कुणालाही समजावून सांगता येतं. त्यानंतरचं जे आहे, ते आकड्यांत मांडता येत नाही, आणि मला गुंतवून ठेवलंय ते त्यानेच.

माझ्या वडिलांच्या पिढीला हा प्रश्न अशा रूपात कधी पडलाच नाही. त्यांच्या तरुणपणी स्कूटर घ्यायची म्हणजे नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. आकुर्डीच्या कारखान्यातून चेतक बाहेर पडायची, पण नंबर लावताना ज्याचा बाळंतविडा घेतला, ते मूल नंबर लागेपर्यंत शाळेत जायला लागायचं. त्या काळात वापरलेली स्कूटर नव्यापेक्षा महाग विकली जायची, कारण ती आत्ता मिळत होती. आज ऐकायला नवल वाटतं. जुनं आणि नवं यांच्यातलं हे मोलाचं गणित काही कायमचं नसतं, ते आपल्या आजूबाजूच्या काळाने ठरवलेलं असतं, हे मला वडिलांच्या त्या गोष्टींतून पहिल्यांदा कळलं. घरी स्कूटर आली तेव्हा तिची पूजा झाली, आणि ती पुढे घरातल्या माणसांइतकी राहिली. बदलायची असा विचार कुणाच्या मनात येत नव्हता. तिला काही झालं की ती दुरुस्त व्हायची. दुरुस्ती हा गाडी बाळगण्याचाच एक भाग होता. आज आपण गाडी घेतानाच ती किती वर्षांनी विकायची याचा विचार करतो, आणि बहुधा म्हणूनच मीटरवरचा आकडा आपल्याला एवढा घाबरवतो.

आमच्या मिस्त्रींना तो आकडा घाबरवत नाही. साताऱ्यात पोवई नाक्यापासून जवळच त्यांचं गॅरेज आहे. त्यांना घेऊन मी पुन्हा कराडला गेले. त्यांनी आदल्या संध्याकाळीच काकांना फोन करवला होता की सकाळी इंजिन चालू करू नका. पोहोचल्यावर त्यांनी पहिल्यांदा इंजिनवर पालथा हात ठेवला. थंड. मग म्हणाले, “ताई, मारा स्टार्टर.” थंड इंजिन कसं उठतं त्यावर बरंच काही कळतं. ते उठलं, पहिले काही क्षण वरच्या बाजूने साखळीचा बारीक खुळखुळाट आला, तेल वर पोहोचल्यावर तो थांबला. मिस्त्री सायलेन्सरच्या मागे जाऊन बसले आणि धूर बघत राहिले. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. निळा नव्हता. मग मेन स्टँडवर गाडी घेतली, पुढचं चाक उचललं आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश फिरवलं. मध्यावर किंचित अडकलं. “हँडलचा कोनसेट गेलाय,” ते म्हणाले. मागच्या स्प्रॉकेटवरून चेन बोटाने ओढून बघितली, ती जागची हलली नाही. पुढच्या फोर्कच्या दांड्यांवरून फडकं फिरवलं, फडक्यावर तेलाचा डाग नाही. टायरच्या कडेचे चार आकडे वाचले, आठवडा आणि वर्ष. शेवटी ते पायरीवर काकांच्या शेजारी बसले. त्यांना जे सांगायचं होतं ते त्यांनी मला न सांगता काकांना सांगितलं: “हायवेचे किलोमीटर आहेत हे. गावातले नाहीत.”

या वाक्यात एक अख्खं शास्त्र आहे, आणि ते आपल्या साध्या समजुतीच्या उलट जातं. आपल्याला वाटतं, गाडी अंतराने म्हातारी होते. प्रत्यक्षात इंजिनाची सर्वांत जास्त झीज ते थंड असताना, चालू होण्याच्या आणि गरम होण्याच्या काळात होते. तेल खाली उतरून बसलेलं असतं, ते वर चढेपर्यंत धातू धातूला भिडत असतो. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते, तिच्यातली थोडी पिस्टनच्या कडेने खाली तेलात उतरते. लांबच्या रस्त्यावर तेल पुरेसं तापतं आणि ते पाणी उडून जातं. घर ते मंडई, मंडई ते घर एवढंच चालणाऱ्या गाडीत ते तिथेच राहतं आणि तेलाचा चिखल होतो. म्हणून दिवसभर एका लयीत चाललेलं तीनशे किलोमीटरचं इंजिन आणि शंभर वेळा चालू-बंद झालेलं तीनशे किलोमीटरचं इंजिन, यांचं वय सारखं नसतं. त्याहून वाईट गत उभ्या गाडीची. टाकीत गंज धरतो, पेट्रोलचा चिकट थर बसतो, रबरी सील वाळतात, टायरला भेगा जातात. मीटर मात्र तसाच राहतो, कोवळ्या आकड्याचा.

मला हे कळल्यावर वापरलेल्या गाड्यांच्या बाजाराकडे बघण्याची नजरच बदलली. तिथे सगळ्यांना कमी आकडा हवा असतो, म्हणून मीटर मागे फिरवणारेही असतात. दहा हजारांच्या मीटरखाली पायटेकूचं रबर टक्कल पडलेलं दिसतं, किल्लीचे दाते झिजलेले दिसतात. काकांनी ८३ हजारांचा आकडा जसा होता तसा ठेवला होता आणि गाडीवरच्या सगळ्या खुणा त्याच्याशी जुळत होत्या. एवढा मोठा आकडा कुणी खोटा लिहीत नाही. त्या दिवशी पोर्चमध्ये बसल्या-बसल्या मला जाणवलं की मला त्या आकड्याची भीती वाटेनाशी झाली होती. उलट त्याच्यावर विसंबता येत होतं.

आणि तरीही नव्या गाडीचं म्हणणं मला तितकंच ऐकू येतं. तिच्या इंजिनात काय चाललेलं असतं ते मिस्त्रींनीच मला एकदा उलगडून सांगितलं होतं, रिबोरिंग होऊन आलेला सिलिंडर हातात देऊन. आतून बघितलं तर भिंत आरशासारखी असेल असं वाटलं होतं. तशी नव्हती. तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरक्या रेघा होत्या, मुद्दाम पाडलेल्या. त्या रेघांत तेल धरून राहतं. नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा आणि ही भिंत एकमेकींना अनोळखी असतात. पहिल्या काही शे किलोमीटरांत रिंगा रेघांचे उंचवटे घासून काढतात, भिंत रिंगांना आपला आकार देते, आणि मग कुठे दोघींची गच्च मिठी बसते. तोवर धातूचा बारीक चुरा तेलात उतरत असतो, म्हणून पहिलं तेल लवकर, पाचशे किलोमीटरांच्या सुमारास, बदलतात. आजीच्या घरी जातं होतं. दगड गुळगुळीत झाले की दळण पडेना, मग टाकी लावणारी बाई दारात बसून छिन्नीने दगडावर बारीक खाचा पाडायची. टाकी लावल्यावरचं पहिलं दळण माणसांच्या पोटात जायचं नाही, त्यात दगडाची कच असायची. सिलिंडरच्या त्या रेघा बघताना मला ती छिन्नीची टकटक आठवली. दोन्हीकडे गोष्ट एकच: खडबडीतपणाशिवाय काम सुरू होत नाही, थोडं घासल्याशिवाय ते जमून येत नाही, आणि फार घासलं की ते संपतं.

म्हणजे झीज ही गाडीच्या आयुष्याच्या शेवटी येणारी गोष्ट नाही. ती पहिल्या मिनिटापासून असते. सुरुवातीची झीज गाडी घडवते, शेवटची मोडते, आणि मधे एक भलामोठा प्रदेश असतो जिथे ती दोन्हीपैकी काहीच करत नाही, नुसती चालू असते. नवी गाडी घेणाऱ्याच्या वाट्याला ती घडण येते. कोणत्या वेगाने, कोणत्या घाटात, कोणाच्या हाताखाली रिंगा भिंतीला बसल्या, हे त्याच्या स्वभावावर ठरतं. जपून चालवायचं, पण फार जपायचं नाही, एकाच वेगाला धरून राहायचं नाही, चढावर वरच्या गिअरला रखडवायचं नाही. त्या काळात गाडी जे शिकते ते तिला पुढे जन्मभर पुरतं. हे सुख जुनी गाडी देऊ शकत नाही. तिची घडण कधीच झालेली असते, आणि ती दुसऱ्या कुणाच्या हाताने.

रॉबर्ट पर्सिग यांचं १९७४ सालचं ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ हे पुस्तक अनेकांनी मोटरसायकलसाठी उघडलं आणि तत्त्वज्ञानासाठी मिटलं. मला त्यातली एक छोटी घटना सोडत नाही. पर्सिग आपल्या मुलाला मागे बसवून जुन्या मोटरसायकलवर निघालेत. सोबत मित्र आणि त्याची बायको आहेत, मित्राची गाडी नवीकोरी, महागडी बीएमडब्ल्यू. प्रवासाला निघण्याआधीची गोष्ट: तिचं हँडल घट्ट बसत नाही, घसरतं. पर्सिग सुचवतात की बिअरच्या रिकाम्या डब्याचा पातळ पत्रा कापून तिथे घालू, मऊ ॲल्युमिनियम आहे, गंजत नाही, घट्ट पकडेल. मित्र दुखावतो. अशा गाडीला असा पत्रा! खरं तर पत्रा अगदी योग्य होता. दोघांत चांगला-वाईट कुणी नाही. मित्राला रस्ता हवा होता, गाडीने आपला विचार करायला लावू नये एवढीच त्याची अपेक्षा होती. पर्सिगना रस्ताही हवा होता आणि गाडीचा विचारही. पर्सिग यांची ती गाडी १९६६ची होंडा, आज वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे.

मी या दोघांतली कोण, हे मी स्वतःला खूपदा विचारलं आहे, आणि दर वेळी उत्तर रस्त्याप्रमाणे बदलतं. पावसाळ्यात संध्याकाळी कुंभार्ली घाट एकटीने उतरायचा असतो तेव्हा मी पर्सिग यांच्या मित्राच्या बाजूची असते. हेळवाक मागे पडलं की धुकं रस्त्यावर उतरतं, समोरून ट्रकचे दिवे येईपर्यंत ट्रक दिसत नाही, कडेला थांबायला जागा नाही. अशा वेळी बाईमाणसाला गाडीशी संवाद वगैरे नको असतो. ती चालली पाहिजे, ब्रेक लागले पाहिजेत, दिवा लख्ख पडला पाहिजे. नवी गाडी हे वचन देते आणि वॉरंटीच्या कागदावर लिहूनही देते. या वचनाला मी कमी लेखत नाही. आपल्यातल्या अनेक बायका एकट्या लांबच्या रस्त्याला लागल्या त्या अशा भरवशाच्या गाड्यांमुळेच.

पण घाट उतरून चिपळूण ओलांडलं, गुहागरला पोहोचलं, धोपाव्याला फेरीबोटीची वाट बघत गाडी उभी केली, की माझ्यातली दुसरी बाई जागी होते. पलीकडे दाभोळ दिसत असतं, बोट सावकाश वळत असते, पंधरा-वीस मिनिटं हातात असतात. तेव्हा मी खाली वाकून चेन बघते, तेलाची पातळी काचेतून बघते, एखादा बोल्ट बोटाने चाचपते. कुणी सांगितलेलं नसतं. त्या वेळात मला गाडी कळते, आणि का कोण जाणे, ज्या गावातून आले आणि ज्या गावाला चालले ती गावंही जास्त कळतात. ४११चं इंजिन या स्वभावाला मानवणारं आहे. पिस्टनची धाव ८६ मिलिमीटर, सिलिंडरचा व्यास ७८. म्हणजे धाव लांब, त्यामुळे ते खालच्या वेगातच ओढतं, घाई करत नाही. हवेने आणि तेलाने थंड होतं, ॲक्सिलरेटरला केबल आहे, ती तुटली तर कोणत्याही तालुक्याच्या गावी कुणीतरी जुगाड करून देतो. नवीचा व्यास ८४, धाव साडेएक्याऐंशी. तिचा जोर वरच्या वेगात फुलतो, ताकद २४च्या जागी ४० अश्वशक्ती. ॲक्सिलरेटर मुठीतून थेट इंजिनाला सांगत नाही, मधल्या संगणकाला सांगतो. एक चढावर तुमच्याबरोबर श्वास घेते, दुसरी चढ तुम्हाला जाणवूच देत नाही. दोन्ही हव्याशा वाटाव्यात अशाच.

काकांची वही मी त्या दुसऱ्या खेपेला बघितली. दोनशे पानी, लाल रेघांच्या समासाची, शाळेत असते तशी. त्यांनी ती स्वतःहून दिली नाही, मिस्त्रींनी विचारलं, “तेल कधी बदललं?” तेव्हा आतून आणली. पहिली नोंद पाचशे किलोमीटरची. प्रत्येक ओळीत तारीख, मीटर, काम आणि गाव. “दाभोळ फेरी, खारं पाणी उडालं, घरी येऊन चेन धुतली.” “कुंभार्ली उतरताना मागचा ब्रेक तापला, चिपळूणला पॅड बघितले.” मधल्या एका पानावर: “टांडी. टाकी फुल्ल. कॅनमध्ये पाच लिटर वेगळे.” मनालीहून लेहला जाणाऱ्या प्रत्येकाला टांडीचा तो पेट्रोलपंप माहीत असतो, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असं सांगणारी पाटी तिथे होती. एका पानावर हळदीचा डाग होता. कुठल्या तरी ढाब्यावर जेवता-जेवता लिहिलं असणार. अक्षर बँकेतलं, सरळ, आकडे एकाखाली एक. शेवटच्या काही पानांवर नोंदींमधली अंतरं वाढत गेली होती आणि किलोमीटर कमी होत गेले होते. गुडघ्यांबद्दल वहीत एक शब्द नव्हता, पण ते कधी दुखू लागले ते पान मला दाखवता आलं असतं.

ती वही वाचताना एक विचार मनात आला आणि तो अजून गेला नाही. जुनी गाडी घेतली तर आपण दुसऱ्याच्या झिजेचे वारस होतो. त्यांच्या बुटाने झिजलेल्या रबरावर माझा बूट लागेल, त्यांच्या गुडघ्यांनी पुसलेल्या रंगावर माझे गुडघे टेकतील. त्यांनी जे जपलं त्याचा फायदा मला, त्यांनी जे दुर्लक्षिलं त्याचा भुर्दंडही मलाच, कोनसेटसारखा. आपण घरं अशी घेतो, शेतं अशी घेतो, भांडी तर पिढ्यान्‌पिढ्या अशीच घेत आलो. कुणीतरी कसलेल्या जमिनीचा पोत बघतानाही आपण आधीच्या माणसाचे हातच बघत असतो. मग गाडीच्याच बाबतीत आपल्याला कोरी पाटी का लागते, हे मला नीट सांगता येत नाही. कदाचित गाडी हे आपलं एकमेव असं साधन आहे की ज्यावर बसून आपण एकटे असतो, आणि एकटेपणात दुसऱ्या कुणाच्या खुणा नकोशा वाटतात. मला मात्र त्या खुणा सोबतीसारख्या वाटल्या.

टेड सायमन यांचं नाव मोटरसायकलवरून लांब जाणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. १९७३मध्ये ते इंग्लंडहून ५०० सीसीच्या ट्रायम्फवर निघाले आणि चार वर्षांनी, जगाला वळसा घालून, परतले. वाटेत भारतही होता. एक लाखाहून जास्त किलोमीटर त्या एका गाडीवर झाले. निघताना ती नवी होती, परतली तेव्हा आपल्या बाजारात तिला कुणी विचारलं नसतं. ती आता कॉव्हेंट्रीच्या वाहतूक संग्रहालयात आहे. पण मला त्यांची दुसरी गोष्ट जास्त भावते. २००१मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना, तेच सायमन तीच वाट पुन्हा घ्यायला निघाले, या वेळी बीएमडब्ल्यूवर. रस्ते बदललेले, देश बदललेले. त्यांना दुसऱ्यांदा निघताना आपल्या अंगावरचे पहिले लाख किलोमीटर धरूनच निघायचं होतं. गाडी दुसरी घेता येते. चालवणारा बदलून मिळत नाही.

जुनी घ्यावी की नवी, या प्रश्नाच्या मागे माझ्यासाठी हा दुसरा प्रश्न उभा आहे, आणि तो मी आता आडून न विचारता सरळच विचारते. मी पन्नाशीला टेकले आहे. माझ्यात अजून किती किलोमीटर आहेत? काकांच्या गाडीला नीट सांभाळलं तर ती आणखी चाळीस-पन्नास हजार सहज जाईल, असं मिस्त्री म्हणतात. नवी त्याहून कितीतरी पुढे जाईल, कदाचित माझ्याही पुढे. म्हणजे जुन्या गाडीचे उरलेले किलोमीटर आणि माझे उरलेले किलोमीटर यांचा मेळ बसतो. आम्ही दोघी साधारण बरोबरीने थकू. नव्या गाडीबरोबर मला तिच्या तारुण्यामागे धावावं लागेल, किंवा ती मला ओढून नेईल. दोन्हींत काहीतरी मोहक आहे. बरोबरीच्या वयाच्या मैत्रिणीसोबत प्रवास करण्यात एक निवांतपणा असतो; तिला पाय दुखतात हे सांगावं लागत नाही. आणि आपल्यापेक्षा लहान कुणी हात धरून चला म्हणालं की आपण एरवी चढलो नसतो तो चढही चढून जातो.

मैत्रिणी विचारतात, एवढं काय त्यात? मी त्यांना सांगते की मला घाई नाही, आणि ते खरं आहे. वर्षानुवर्षं आपण निर्णय घेतो ते वेळ नसतो म्हणून; मुलांची शाळा, कर्जाचा हप्ता, कुणाचं तरी आजारपण, सगळ्यांनी आपल्यासाठी ठरवून टाकलेलं असतं. हा एक निर्णय माझ्या वाट्याला असा आला आहे की तो कुणासाठी नाही आणि त्याला तारीख नाही. शोरूमवाले दसऱ्याचा मुहूर्त सांगतात. त्या दिवशी त्यांच्या दारात झेंडूची तोरणं लागतील, गाड्यांना हळदीकुंकू लागेल, आणि त्या गर्दीत माझी नवी गाडी असायला माझी काही हरकत नाही. काका म्हणाले, “घेईपर्यंत थांबतो मी. दुसऱ्या कुणाला द्यायची झाली तर आधी तुम्हाला फोन करीन.” मग जरा थांबून म्हणाले, “एक दिवस घेऊन जा. पूर्ण दिवस. घाटात न्या. दहा मिनिटांत काय कळतंय?”

शोरूममध्ये मला दहा मिनिटं मिळाली होती, हायवेच्या सर्व्हिस रोडवर. मी त्यांना विचारलं आहे की नवी गाडी अर्धा दिवस मिळेल का. विचारून सांगतो म्हणालेत. मिळाली तर दोन्ही एकाच रस्त्यावरून नेईन, कराडवरून पाटण, कोयनानगर, हेळवाक आणि कुंभार्लीचा उतार. मिस्त्री कोनसेट आधी बदलून देणार आहेत, काकांनी त्याला हो म्हटलं आहे. एक गोष्ट मात्र ठरली आहे, आणि ती दोन्ही गाड्यांना सारखीच लागू आहे: वही ठेवायची. पहिली ओळ पाचशे किलोमीटरांची असो की त्र्याऐंशी हजारांच्या पुढची, तारीख, मीटर, काम आणि गाव लिहायचं. माझेही गुडघे कधीतरी दुखतील, तेव्हा कुणी पोर्चमध्ये बसून माझी गाडी चाचपायला आलं, तर त्याने मला विचारावं असं फार काही उरू नये.